पिस्तुलाचा बोअर निवडताना: शक्ती, आकार आणि गावाकडची खरी गरज

शस्त्रपरवाना मंजूर झालेला माणूस दुकानाच्या काउंटरवर उभा राहिला, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘सगळ्यात पॉवरफुल कोणते?’ हाच असतो. त्याला .३२ बोअरचे पिस्तूल दाखवले की तो नाक मुरडतो, कारण गावातल्या कोणीतरी त्याला ‘बत्तीसमध्ये दम नाही, नऊ एमएम पाहिजे’ असे सांगून पाठवलेले असते. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत राहणारा मी स्वतः बरीच वर्षे .३२ चा परवानाधारक आहे, आणि अशी शिफारस करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दोन्ही बोअरची काडतुसे हातात घेऊन पाहिलेली असतात, असा माझा अनुभव आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांच्या बोअरची तुलना कशी करावी, कोणता आकडा कशासाठी पाहावा आणि विदर्भातल्या खेड्यात राहणाऱ्या माणसाने त्यातून काय घ्यावे, ते येथे क्रमाने मांडतो.

आधी नाव वाचायला शिका

काडतुसाचे नाव म्हणजे नेमके माप नव्हे. ‘.३२’ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, म्हणजे ८.१ मिलिमीटर असा हिशेब आपण करतो, प्रत्यक्षात .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) या काडतुसाची गोळी सुमारे ७.९ मिमी व्यासाची असते आणि युरोपात त्याच काडतुसाला ७.६५ मिमी म्हणतात. ‘.३८०’ हे नाव .३८ च्या जवळचे वाटते, पण .३८० एसीपीची गोळी व्यासाने ९ मिमीच असते. फरक कवचाच्या, म्हणजे पावडर भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या, लांबीत आहे. म्हणूनच नावात दुसरा आकडा जोडतात. ९×१७ म्हणजे १७ मिमी लांबीच्या कवचाचे .३८० आणि ९×१९ म्हणजे १९ मिमी कवचाचे, ज्याला आपण नुसते ‘नाइन एमएम’ म्हणतो ते. कवचाच्या लांबीत दोनच मिलिमीटरचा फरक असला, तरी आतल्या दाबात मोठा फरक पडतो. अमेरिकी मानकानुसार .३८० साठी कमाल दाब प्रति चौरस इंच २१,५०० पाउंड, तर ९×१९ साठी ३५,००० पाउंड आहे.

‘बोअर’ हा शब्दही दोन अर्थांनी वापरला जातो. बारा बोअरमधला बारा हा आकडा इंच किंवा मिलिमीटरचा नसतो. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पाउंड भरते, असा त्याचा मूळ अर्थ आहे. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र आपण बोअर म्हणतो ते कॅलिबर, म्हणजे व्यास.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळा .३२ मध्येच होतो. एक .३२ पिस्तुलाचे, म्हणजे .३२ एसीपी, दुसरे .३२ रिव्हॉल्व्हरचे, म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग. पहिल्याची एकूण लांबी सुमारे २५ मिमी असते, दुसऱ्याची ३२ मिमीच्या आसपास. माझ्या परवान्यावर सुरुवातीला नुसते ‘.३२’ असे लिहिले होते आणि एका दुकानदाराने मला बेलाशक रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचे खोके बांधून दिले. घरी आल्यावर ती मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या पेटीत, बसेनात, तेव्हा चूक कळली आणि पुन्हा शहराची फेरी पडली. ही चूक निरुपद्रवी होती. उलट प्रकार धोक्याचा आहे, कारण पिस्तुलाचे आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या खाचेत) सरकून बसते, पण त्याचा दाब त्या रिव्हॉल्व्हरसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतो. खोक्यावरचे पूर्ण नाव आणि नळीवर कोरलेले पूर्ण नाव ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शक्तीचा हिशेब

शक्ती मोजण्याची रीत शाळेतल्या भौतिकशास्त्राचीच आहे: गोळीचे वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, त्याला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि दोनने भागावे; उत्तर ज्यूलमध्ये येते. खोक्यावर वजन ग्रेनमध्ये आणि वेग फुटांमध्ये दिलेला असेल, तर एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम आणि एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर हे लक्षात ठेवले की पुरे.

.३२ एसीपीची नेहमीची गोळी ४.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे २७५ मीटर. हिशेब केला की १७५ ज्यूलच्या आसपास येतो. .३८० ची गोळी सहा ग्रॅमहून थोडी जड आणि वेग २९० मीटर, म्हणजे साधारण २६० ज्यूल. ९×१९ ची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या पुढे जाते आणि ४७० ज्यूलच्या घरात पोहोचते. .४५ एसीपीची गोळी तब्बल १४.९ ग्रॅमची, पण वेग २५५ मीटरच. तिचे उत्तरही ४८० च्या जवळपासच येते. रशियन टोकारेव्हचे ७.६२×२५ हे काडतूस साडेपाच ग्रॅमची हलकी गोळी ४३० मीटरने फेकून पाचशे ज्यूल गाठते. .४० एस अँड डब्ल्यू त्याहून किंचित वर आहे. खालच्या टोकाला .२५ एसीपी आहे, ज्याची ऊर्जा ९० ज्यूलच्याही आत राहते, आणि .२२ लाँग रायफल, जे पिस्तुलाच्या आखूड नळीतून शंभर ते सव्वाशे ज्यूल देते.

हे सारे आकडे कमी-अधिक होतात, कारण कंपनी, गोळीचे वजन आणि नळीची लांबी यांवर वेग अवलंबून असतो. दहा-बारा सेंटीमीटरच्या नळीतून मोजलेला वेग सहा-सात सेंटीमीटरच्या खिशातल्या पिस्तुलातून मिळत नाही; पावडर पूर्ण जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली पावडर तोंडाशी भडका होऊन जळते. म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे साधारण सारख्याच लांबीच्या नळीचे आहेत ना, हे पाहावे.

आता ९ मिमी आणि .४५ यांच्याकडे पुन्हा पाहा. ऊर्जा जवळपास सारखी, पण गोळीचे वजन नुसत्या वेगाने गुणले, म्हणजे संवेग काढला, तर ९ मिमीचा २.६ आणि .४५ चा ३.८ येतो. हाताला जो धक्का बसतो तो या दुसऱ्या आकड्याशी जोडलेला आहे. .३२ चा संवेग १.३ च्या आसपास आहे, म्हणजे ९ मिमीच्या निम्मा. कोणते पिस्तूल आपल्याला झेपेल याचा अंदाज ज्यूलपेक्षा या हिशेबातून चांगला येतो. अर्थात पिस्तूल जितके जड, तितका तोच धक्का सौम्य वाटतो, हेही विसरू नये.

ऊर्जेचा आकडा मोठा म्हणून समोरचा माणूस हमखास थांबतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. पिस्तुलाच्या गोळीचा परिणाम ती कोठे लागली आणि पुरेशी खोल गेली की नाही, या दोनच गोष्टींवर मुख्यत्वे ठरतो. अमेरिकेत ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने काडतुसांच्या चाचण्या नव्याने आखल्या आणि मांसाच्या जागी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे, हा निकष ठरवला. त्या चकमकीनंतर ती संस्था आधी १० मिमीकडे वळली, ते अनेकांना झेपेना म्हणून त्याचाच आखूड अवतार असलेले .४० हे काडतूस १९९० मध्ये आले, आणि गेल्या दशकात ती पुन्हा ९ मिमीवर परतली. जास्त गोळ्या, कमी धक्का आणि अचूक नेम यांचा एकत्रित फायदा थोड्या जास्त ऊर्जेपेक्षा मोठा ठरला. ज्यांच्याकडे सरावाला काडतुसांची कमतरता नाही त्यांना ही गोष्ट पटायला जवळपास तीस वर्षे लागली. वर्षाकाठी मोजकी काडतुसे झाडणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती पहिल्याच दिवशी पटायला हवी.

आकार आणि यंत्रणा

काडतूस जाड झाले की मॅगझिन जाड होते, मॅगझिन जाड झाले की मूठ जाड होते. .४५ चे बूड १२ मिमीहून रुंद असते, तर ९ मिमीचे जेमतेम १० मिमी. त्यामुळे अमेरिकी १९११ पद्धतीच्या .४५ पिस्तुलात एकेरी रांगेत सात गोळ्या मावतात, आणि ब्राउनिंग हाय-पॉवरच्या ९ मिमी पिस्तुलात दुहेरी रांगेत तेरा. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षे दिसणारे ईशापूरच्या सरकारी कारखान्यातले ९ मिमी पिस्तूल याच हाय-पॉवरच्या घराण्यातले आहे.

यंत्रणेचा फरक फार कमी लोक विचारात घेतात, आणि माझ्या मते खरेदीच्या वेळी तोच सर्वांत आधी तपासावा. .३२ आणि .३८० च्या बहुतेक जुन्या रचनांमध्ये नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, एकमेकांत अडकवलेली नसतात. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच कवच मागे उडण्याचा वेळ सांभाळला जातो. ९ मिमीच्या दाबाला हे पुरत नाही, म्हणून तेथे नळी क्षणभर स्लाइडमध्ये अडकून मग खाली झुकते, ही अमेरिकी रचनाकार जॉन ब्राउनिंगने रूढ केलेली पद्धत वापरतात. परिणाम असा होतो, की बिनअडकणीच्या .३८० ची स्प्रिंग कडक असते, स्लाइड ओढायला जोर लागतो आणि झाडल्यावर हाताला बसणारा हिसका थोड्या जड ९ मिमीपेक्षाही तीव्र वाटू शकतो. साठीच्या पुढचा माणूस किंवा संधिवाताने बोटे आखडलेली बाई हे पिस्तूल वापरणार असेल, तर ज्यूलचा हिशेब बाजूला ठेवून आधी रिकामे पिस्तूल, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, दहा वेळा ओढून पाहावे. सातव्या-आठव्या वेळी हात थरथरू लागला तर ते पिस्तूल परत ठेवावे.

.३२ एसीपीचा आणखी एक स्वभावदोष आहे. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐनवेळी गोळी वर सरकत नाही. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीपर्यंत नीट सरकवावे आणि वरचे काडतूस खालच्याच्या पुढे राहील याची खात्री करावी. .२२ मध्ये स्फोटक मसाला बुडाच्या मधोमध नसून कडेत पसरलेला असतो, आणि कुठे तो कमी पसरला तर काडतूस वाजत नाही, सरावाला .२२ सारखे स्वस्त काही नाही, पण भरवशाच्या कामासाठी मध्यभागी मार असलेले काडतूसच बरे. .२५ एसीपी ब्राउनिंगने १९०५ च्या सुमारास काढले ते याच कारणासाठी, शक्तीने ते .२२ पेक्षा काही वरचढ नाही.

परवाना काय म्हणतो

येथपर्यंतची तुलना पूर्ण केली तरी निम्मे पर्याय कायद्याने आधीच बाद केलेले असतात. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार सेवादलांचे ९ मिमी काडतूस ज्यात चालते अशी पिस्तुले प्रतिबंधित वर्गात येतात; जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणाऱ्या साध्या परवान्यावर ती घेता येत नाहीत. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका ही मर्यादा घातली, आणि लग्नात-वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घालणे हाही वेगळा गुन्हा केला. वरातीतले बार आपल्याकडे अजून संपलेले नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्यामुळे गावाकडच्या परवानाधारकासमोर प्रत्यक्षात .२२, .२५ आणि .३२ एवढेच पर्याय मुख्यत्वे उरतात, आणि त्यांत .३२ ला पर्याय नाही असे माझे स्पष्ट मत आहे. आयुध निर्माणीचे ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल देशातच बनते आणि त्याची काडतुसेही देशात बनतात. परदेशी बनावटीचे जुने पिस्तूल वारशाने मिळाले असेल, तर मॅगझिन किंवा स्प्रिंग बिघडल्यावर काय करणार, याचा विचार आधी करावा. देशी कट्ट्याविषयी तुलनेच्या लेखात काही लिहिण्यासारखे नाही. तो गुन्हा तर आहेच, शिवाय दाब न पेलता धरणाऱ्याच्या हातातच फुटू शकतो.

वावर, जागली आणि रानडुक्कर

आमच्या भागात परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी कितीतरी जण मनातून रानडुकरांचा विचार करत असतात. हरभरा, तूर, मका, धान, कशाचीच गय ती करत नाहीत, आणि रोही (नीलगाई) एका रात्रीत आणेवारी बदलून टाकतात. परंतु या कामासाठी पिस्तूल मागणे हा प्रश्नच चुकीचा आहे. पीकसंरक्षणासाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीची, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याची खात्री पटल्यास किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीची तरतूद आहे. पिस्तुलाचा तेथे उल्लेख नाही. कारण उघड आहे. बारा बोअरच्या साध्या काडतुसाची एकूण ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या पुढे असते; .३२ ची १७५. चिखलाचा थर बसलेल्या, जाड कातडीच्या मोठ्या डुकराला .३२ ची गोळी मारणे म्हणजे त्याला जखमी करून दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्याने येणाऱ्या मजुरांच्या अंगावर सोडणे होय. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्याला मारण्याला स्वतंत्र परवानगीची अट आहे, आणि शस्त्राचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवावर बेतल्यास सद्भावनेने केलेल्या कृत्याला कलम ११ मध्ये सूट आहे, पण ताडोबा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघासमोर .३२ वर विसंबणाऱ्याला तिचा उपयोग व्हायला तो जिवंत राहायला हवा. पिकासाठी सौर कुंपणाची झटका मशीन आणि जागलीला दोन माणसे हाच खर्च सार्थकी लागतो. तारेत थेट लाइनचा करंट सोडणाऱ्यांनी किती माणसे मारली, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात आठवून पाहावे.

पिस्तुलाची खरी उपयोगाची जागा घराच्या दारात, पाच-सात पावलांवर, आणि तीही माणसापासून जीव वाचवण्यापुरती आहे. त्या अंतरावर .३२ आणि ९ मिमी यांच्यातला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा खूप कमी आहे, आणि नेम चुकल्यास काय होईल हा प्रश्न खूप मोठा आहे. गावातली निम्मी घरे टिनाच्या पत्र्याची, कुडाची किंवा एकेरी विटांची असतात. धातूच्या आवरणाची ९ मिमी गोळी पत्रा आणि कूड सहज पार करून शेजारच्या खोलीत जाते, आणि .३२ चीही पत्र्याला थांबत नाही. मोकळ्या वावरात सुटलेली पिस्तुलाची गोळी एक किलोमीटरहून दूर जाऊ शकते. रात्रीच्या अंधारात पलीकडच्या वावरात जागलीला कोण बसले आहे, हे आपल्याला माहीत नसते.

सराव वावरात करू नये, मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. त्यासाठी जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करावी. सात मीटरवरून ताटाएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या सावकाश बसू लागेपर्यंत दुसरा बोअर घेण्याचा विचारही करू नये. मी पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा माझ्या पाचांपैकी दोनच बसल्या होत्या, आणि त्याच दुपारी .३२ मध्ये दम नाही ही माझी तक्रार कायमची मिटली.

ऊन, पाऊस आणि काडतुसे

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त. सततच्या उष्णतेने पावडर हळूहळू बिघडते, म्हणून काडतुसे घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, पिस्तुलापासून वेगळ्या कुलपात ठेवावीत. पिस्तूल चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवण्याची सवय फार वाईट. चामडे पावसाळ्यात ओल धरते आणि आषाढ संपेपर्यंत स्लाइडवर गंजाचे ठिपके उमटतात. तेलाचा पातळ हात फिरवून कापडात ठेवावे. तेल काडतुसांना मात्र लागू देऊ नये, ते बुडाकडून आत झिरपले तर काडतूस वाजत नाही. अंगावर बाळगत असाल तर घामाने भिजलेली मॅगझिनमधली काडतुसे दर दिवाळीला बदलून जुनी रेंजवर वापरून टाकावीत, आणि रिकाम्या कवचांसह त्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवावा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर ठाण्यातून मिळणाऱ्या पावतीवर पिस्तुलाच्या क्रमांकाबरोबर काडतुसांची संख्या आणि त्यांचे पूर्ण नाव, म्हणजे ‘.३२ एसीपी’ असेच, लिहून घ्यावे, नुसते ‘.३२’ लिहिलेली पावती स्वीकारू नये.